पूजेतला पाना

माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत गंज आहे. हे मी शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या मंडळींना आणि बायकोच्या सगळ्या नातेवाइकांना इतक्यांदा सांगितलं आहे की आता कोणी गाडीची चौकशी केली तर बायकोच परस्पर सांगून टाकते. हा गंज पेट्रोलबरोबर पुढे येतो, फिल्टरला चुकवून कार्ब्युरेटरमध्ये शिरतो आणि तिथल्या जेटच्या बारीक भोकात जाऊन बसतो. गाडी दोन-चार आचके देते आणि बंद पडते. मग बॉनेट उघडायचं, पान्याने एक बोल्ट सैल करायचा, आतला जेट स्क्रू ड्रायव्हरने काढायचा, फुंकर मारायची आणि परत बसवायचा. चहा निवायच्या आत होणारं काम. पण ते कधी करायचं हे गाडी ठरवते, आणि मला कधी वेळ नसतो हे तिला बरोबर कळतं.

टाकी मी उतरवली. धुतली. आत खडी घालून तासभर घुसळली, तेव्हा शेजारच्या काकू काय बांधकाम काढलंय म्हणून बघून गेल्या. फिल्टर बदलले. गंज आहे तिथेच आहे. ही गाडी मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला विकली. विकताना त्यांनी तिच्या टपावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. ते दुःखाने, असं मी तेव्हा समजलो होतो.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीसाठी म्हैसूरला आलो आणि इथल्याच एका मराठी घराचा जावई झालो. सासरे गेल्यापासून आम्ही चामराजपुरममध्ये सासूबाईंच्या घरी राहतो. हे घराणं इथे इतक्या पिढ्या आहे की मराठी घरातल्या घरात उरलंय, आणि तेही अर्धं कानडी. सासूबाई देवाशी मराठीत बोलतात, भाजीवाल्याशी कानडीत, आणि माझ्यावर रागावल्या की दोन्हीत. गाडी खरं तर त्यांच्यासाठी घेतली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना बसची पायरी चढता येईना, आणि त्यांना जायचं असायचं ते एकाच ठिकाणी, तासाभराच्या वाटेवरच्या सोसले गावाला, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्का तिथल्या मठाच्या मागच्या बोळात एकट्या राहायच्या. दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलायच्या, पण ऑपरेशनपासून एकमेकींना डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी दर रविवारी नेतो म्हणायचो आणि दर रविवारी बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचो.

अशात अक्कांच्या मुलाने आईला हुबळीला न्यायचं ठरवलं, कायमचंच. घर मठाच्या एका माणसाला राहायला देऊन टाकलं. निघायचं दसऱ्याला, मुहूर्त चांगला म्हणून. म्हणजे सासूबाईंना भेटायचं तर त्याच्या आत, आणि मला सुटी मिळाली ती नेमकी आदल्या दिवसाची, नवमीची. मी अक्कांना स्वतः फोन करून सांगितलं की नवमीला दुपारच्या जेवणाला आम्ही तिथे आहोत. त्या फक्त "बघू" म्हणाल्या. माझ्या गाडीची कीर्ती सोसल्यापर्यंत पोचली होती.

नवमीला म्हैसूरात आयुधपूजा असते. ती मला नवी नव्हती. आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात. वडील पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, नैवेद्य दाखवायचे आणि जेवण झालं की त्यातलाच पाना उचलून स्कूटरचा प्लग काढायला बसायचे. तेव्हा आदल्या दिवशी सासूबाईंनी "हत्यारं काढून द्या" म्हटल्यावर मी अख्खी पेटी दिली. नुसती दिली नाही, रॉकेलने पुसून लख्ख करून दिली. एक पाना गाडीत ठेवावा असं मनातसुद्धा आलं नाही. सकाळी पाहतो तर देवासमोर माझे सगळे पाने लहानमोठे असे ओळीने मांडलेले, त्यांच्या शेजारी विळी, कात्री, किसणी, आणि या सगळ्यांच्या डोक्याशी माझा ऑफिसचा लॅपटॉप. त्याच्या झाकणावर कुंकवाची पाच बोटं. असू दे म्हटलं, सुटीच होती.

मग गाडीची पूजा. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, पुढे झेंडूचा हार, काचेवर गंध. कोहळा फोडला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आता गाडी त्यावरून पुढे न्यायची आणि तशीच सोसल्याच्या वाटेला लावायची, असा बेत. सासूबाई जरीची साडी नेसून, अक्कांसाठी केलेल्या चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लिंबं चिरडली, गाडी फाटकापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि फाटकातच बंद पडली. अर्धी आत, अर्धी रस्त्यावर, केळीच्या खुंटांसकट.

मला राग आला, पण घाबरलो नाही. रोगही माहीत होता आणि औषधही. आत जाऊन पाटाकडे हात नेला तोच मागून सासूबाईंचा आवाज आला. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या इतक्या चटकन कशा आल्या कोण जाणे.

"मुट्टबेडा. हात लावायचा नाही. उद्या पुन्हा पूजा होते, मग उचलायचे."

म्हटलं, आरती झाली, नैवेद्य झाला, आता काय राहिलंय? त्यांनी मला समजावलं. आयुधं पूजेला बसली की दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत बसतात. ती त्यांची विश्रांती. या दिवशी कोणी काही चिरत नाही, शिवत नाही, आवळत नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली. मी इतकी वर्षं या घरात आहे आणि हे मला माहीत नव्हतं, कारण नवमीच्या दुपारी आजवर मला पान्याची गरजच पडली नव्हती. गाडी आल्यापासूनचा हा पहिलाच दसरा.

शेजारी गेलो. तिथल्या काकांनी स्कूटरला घातलेला हार नीट करत माझं ऐकून घेतलं आणि त्यांचेही पाने पूजेत आहेत असं थंडपणे सांगितलं. मी त्यांच्याकडे पाना मागितला की त्यांच्या देव्हाऱ्यातली मूर्ती, असा त्यांचा चेहरा होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या शटरला आंब्याची डहाळी बांधलेली, आत शुकशुकाट. भाड्याची गाडी पाहू म्हणून फोनवर फोन लावले. दसऱ्याच्या आठवड्यात म्हैसूरात रिकामी टॅक्सी मिळेल असं समजणारा मी एकटाच असेन. गावातल्या झाडून सगळ्या गाड्या पाहुण्यांना राजवाडा आणि चामुंडीचा डोंगर दाखवायला गेलेल्या. बायको दसऱ्यासाठी घरात मांडलेल्या बाहुल्या पाहायला आलेल्या बायकांना हळदकुंकू देत होती. तिने येता-जाता एवढंच विचारलं, की एक पाना तरी बाजूला ठेवायचा नाहीस का. हे मला कोणी विचारायला नको होतं.

परत आलो तेव्हा सासूबाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. डबा अजून मांडीवरच. मी मग चिडलोच. म्हटलं, आई, मला नाही जायचं सोसल्याला, तुम्हाला जायचंय. पाना आत पडलाय, गाडी दारात पडलीय आणि मधे तुम्ही उभ्या आहात. मी आवाज चढवला होता, आतल्या बायका बोलायच्या थांबल्या. सासूबाई डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "नाही गेलं तर नाही गेलं. सुम्ने, उगीच ओरडू नका." आणि दुसरीकडे बघायला लागल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडत नव्हत्या, हे बघून मला जास्त वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यामुळे आणखी राग आला.

येत नाही असं सांगायला त्यांनी अक्कांना फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून त्या फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं. गाडी बंद पडली, पाने पूजेत बसलेत, आता होत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या हातून फोन घ्यायला मी पुढे झालो, तेवढ्यात अक्कांचा आवाज आला.

"नवमीला आयुध उचलू नये हे तुला कोण शिकवलं ग? मीच अल्ला, मीच ना? आता मीच सांगते, उचल. पूजा दरवर्षी येते. मी उद्या इथं नसते."

सासूबाई उठल्या. आत जाऊन पाटासमोर हात जोडून उभ्या राहिल्या, ओठ हलत होते. मग त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाना उचलला, एक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि मला आणून दिला. पाना बरोबर तोच होता. मला त्या बोल्टशी झगडताना त्यांनी ओसरीवरून किती रविवार पाहिलं असेल! मी जेट काढला, फुंकला, बसवला. बोटं कुंकवाने आणि पेट्रोलने लाल झाली. गाडी सुरू झाली.

मी पाना खिशात टाकायला लागलो, तर त्यांनी हात पुढे केला. उचललेलं आयुध काम झालं की परत जागेवर. मी सांगून पाहिलं की आई, हा रोग वाटेत पुन्हा उपटू शकतो. "पडायची नाही बंद. आयतु, झालं काम, द्या इकडे." त्यांनी पाना धुतला, पुसला, पुन्हा कुंकू लावलं आणि ओळीत त्याच्या जागी ठेवून दिला. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण त्या गाडीत बसायला निघाल्या होत्या, आणि तेवढं मला पुरे होतं.

बन्नूरच्या रस्त्याने गेलो. वाटेत ऊस भरलेला एकही ट्रॅक्टर दिसला नाही, सगळे हार घालून आपापल्या दारात उभे. मी सबंध रस्ता इंजिनाचा आवाज ऐकत गाडी चालवली. मागे सासूबाई काय काय सांगत होत्या, त्यातलं माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पण पोचलो. अक्का दारातच होत्या. बहिणी एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. अक्कांनी आधी धाकटीचे गुडघे चाचपले, मग धाकटीने अक्कांच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्यात म्हणून कुरकुर केली, आणि दोघी बांधलेल्या गाठोड्यांमध्ये जमिनीवर बसून बोलायला लागल्या.

ऊन उतरल्यावर मी निघू या म्हटलं. नमस्कार झाले, ओटीत नारळ पडला, डोळे पुसून झाले. किल्ली फिरवली, गाडीने आचके दिले आणि ती गप्प झाली.

तेव्हा मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आणि पाना होता म्हैसूरला, धुऊनपुसून, कुंकू लावून. बोळाच्या टोकाला शेतीचे पंप दुरुस्त करणारा एक जण राहतो. त्याच्याकडे गेलो तर त्याची हत्यारंही हाराखाली. उद्या सकाळी पूजा आटोपली की लगेच देतो म्हणाला. बायकोला फोन केला तर ती हसत सुटली. रात्री मी गाठोड्यांच्या मधे सतरंजीवर, डासांच्या तावडीत पडून गाडी भंगारात घालायची प्रतिज्ञा करत होतो. आतल्या खोलीतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. मधेच हसल्याचा. दिवा केव्हा मालवला मला कळलं नाही.

सकाळी पंपवाल्याने पाना आणि स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. तेवढ्यात अक्कांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि सामान चढवायला लागला. मी बॉनेट उघडलं, तर सासूबाई कॉफीचा पेला घेऊन आल्या. आधी हे घ्या म्हणाल्या. घेतली. पुन्हा वाकलो, तर उपमा आला. मला त्या दिवशी ऑफिसच्या एका कामाला बसायचं होतं, लॅपटॉप अजून देवासमोर होता, आणि या बाईंना न्याहारीची पडली होती. मी म्हटलं, आई, फुंकर मारायची आहे फक्त, लगेच निघता येईल. त्यांनी मान हलवली आणि उपम्यावर लिंबू पिळलं.

अक्का मुलाच्या गाडीत बसल्या. काच खाली करून त्यांनी बहिणीच्या हनुवटीला हात लावला. गाडी बोळातून हळूहळू निघाली, मठाच्या भिंतीपाशी वळली आणि दिसेनाशी झाली. सासूबाई ती वळली तिकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्या सावकाश आल्या, आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं, रिकामा डबा मांडीवर घेऊन बसल्या.

"हां," म्हणाल्या, "आता करा रिपेरी."