बापूच्या गप्प पंगती

माझा थोरला भाऊ बापू फोनवर बोलायला लागला की त्याला फोनची गरज काय, असा प्रश्न पडायचा. नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावातून त्याने नुसती हाक मारली असती तरी अमरावतीत मला ऐकू आली असती, असं माझे यजमान म्हणत. बापूला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. वावराच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्याशी बोलण्यात त्याचा जन्म गेलेला. देवळात हात जोडून उभा राहिला तरी त्याचं मनातलं मागणं मागच्या माणसाला कळायचं.

माझी मुक्ता स्वमग्न आहे. बोलते, पण मोजकं, आणि स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘मुक्ता’ म्हणते. आवाज तिला सोसत नाही. कुकरची शिट्टी होणार असली की मी तिला आधी सांगते, मग ती कान झाकून उभी राहते. साध्या शाळेने ‘बघू, जमतंय का’ म्हणून तिला घेतलं होतं. आमच्या कॉलनीत निकालाच्या दिवशी पेढ्यांचे डबे फिरत, टक्केवारी सांगितली जाई. मी पेढा तोंडात टाकून ‘अरे वा’ म्हणायची आणि दार लावून घ्यायची. माझ्याकडे सांगण्यासारखं असे ते असं की, आज मुक्ताने वर्गात सगळ्यांसोबत बसून डबा खाल्ला. हे कोणाला सांगणार? लोक ‘हो का’ म्हणतात आणि घड्याळाकडे बघतात.

सांगायला एक बापू होता. “डबा खाल्ला? सगळा?” तो ओरडायचा, “थांब, तुह्या वहिनीले सांगतो!” मग वहिनीसोबत अख्ख्या आळीला कळायचं. दुसऱ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून वांग्यांची नाहीतर हरभऱ्याच्या घोळण्याची, म्हणजे कोवळ्या पाल्याची, पिशवी यायची. बक्षीस म्हणून घोळणा पाठवणारा मामा मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्याकडे मनातलं काही साधलं की रोडगे करतात. वावरात गोवऱ्यांचा विस्तव करायचा, त्यात कणकेचे रोडगे भाजायचे, तुपात चुरायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. देवाला नैवेद्य आणि गावाला पंगत. बहुतेक लोक आधी नवस बोलतात. माझ्या सासूबाई बोलल्या होत्या, मुक्ता घडाघडा बोलायला लागली की रोडगे करू. बापूला हे पटायचं नाही. “देवासंगं काय सौदा करून राहिले तुमी? पोरगी जे करून राहिली ते दिसत नाई का तुमाले? जे झालं त्याचं जेवा!”

मुक्ताने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, कोणी हात न धरता, तेव्हा बापूने रोडगे करायचं ठरवलं. मला वाटलं, घरची चार माणसं असतील. जाऊन पाहते तर घरामागच्या वावरात आंब्याखाली अर्धा गाव, आणि वर बँजोवाले! माझ्या भाचीने नाव लिहिलं आणि वाजंत्री नाही, हे त्याच्या मनाला पटणारं नव्हतं. गाडीतून उतरताच पोरांनी गलका केला, बँजो सुरू झाला आणि सगळ्यांच्या वर बापूचा आवाज, “आली, माही भासी आली!”

मुक्ता किंचाळत तिथे उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली शिरली. बँजो थांबला तरी किंचाळणं थांबेना. तिच्या नावाची ती पंगत, आणि तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. आम्ही तिला चादरीत गुंडाळून परत आणलं.

पुढचे कित्येक दिवस ती शाळेत गेली नाही. रिक्षाचा आवाज आला की न्हाणीघरात जाऊन बसायची. पेन्सिल हातात दिली की फेकून द्यायची. शाळेतून निरोप आला की असंच चाललं तर तिची जागा ठेवता येणार नाही. मी बापूवर फार चिडले होते. एवढ्या कष्टाने वर चढलेलं लेकरू एका दुपारी खाली आलं होतं.

तो आला. दारात उभा राहून “मुक्ते” एवढंच म्हणाला, तेही त्याच्या मानाने हळूच, पण तिने आतून धाडकन दार लावलं. बापूचा चेहरा मला बघवेना. माझा राग तिथेच गेला. “मले हळू बोलता येत नाई वं,” तो म्हणाला. “कसं बोलतेत, सांग ना.”

आणि तो खरंच शिकायला लागला. वहिनीचा फोन आला, “ताई, काय सांगू तुमाले, हे बैलाच्या कानात बोलून राहिले. बैल जागचा हालत नाई!” गावात लोकांना वाटलं, बापूचा घसा बसला. कोणी ज्येष्ठमध आणून दिला, कोणी मुंबईच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. रविवारी तो अमरावतीला यायचा, आमच्या व्हरांड्यात मुक्ताच्या खिडकीखाली बसायचा आणि शेंगा फोडत स्वतःशीच पुटपुटायचा. तुरीला फूल आलं, गाय व्याली, असल्या बातम्या. कितीतरी रविवार खिडकी बंदच होती. मग ती उघडी राहू लागली. एकदा मी चहा घेऊन गेले तर मुक्ता त्याच्या शेजारी बसून शेंगा खात होती. बापूने मला डोळ्यांनीच दटावलं की बोलू नको. त्याने मला गप्प बसवण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ.

तिला शाळेत परत न्यायलाही तोच सोबत यायचा, फाटकापर्यंत. ती पूर्ण दिवस वर्गात बसली, त्या आठवड्यात पुन्हा रोडगे. मी हात जोडले, “बापू, नको रे.” तो म्हणाला, “या बारीनं पाय तू.”

काय पाहिलं मी! आंब्याखाली तीच माणसं, तीच पोरं, आणि कोणी शब्द बोलत नव्हतं. बापूने दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगितलं होतं, जेवायला या पण तोंड फक्त खायला उघडा. वऱ्हाडातली पंगत आणि गप्प! मीठ हवं तर बोट दाखवायचं, वरण हवं तर द्रोण हलवायचा. एका म्हाताऱ्याला ठसका लागला तर तो बिचारा उठून धुऱ्यावर जाऊन खोकून आला. हसू आवरताना बायांचे पदर तोंडात गेले होते. मुक्ता पंगतीच्या टोकाला बसली आणि तुपात चुरलेला रोडगा तिने बोटं चाटून संपवला. वाढायलाही उठली. तेव्हापासून दर इयत्तेला ही गप्प पंगत झाली, आणि हे जेवण आपल्या पास होण्याचं असतं, हे मुक्ताला पक्कं ठाऊक झालं.

मुक्ताने दहावीची परीक्षा दिली. वेळ वाढवून मिळाला होता, पण लिहिलं तिचं तिने. बापूने गोवऱ्या आधीच रचून ठेवल्या. “पास होवो का नाई होवो, बसली ना पोरगी पेपरले?” निकालाआधीच एका सकाळी तो वावरातून घरी आला, पाणी मागितलं आणि ते प्यायच्या आत गेला. मी पोचले तेव्हा घर रडण्याने भरलं होतं. त्या घराला एवढा आवाज त्याच्याशिवाय कोणी दिला नव्हता.

निकाल सुतकात लागला. मुक्ता पास झाली होती. मी तिला जवळ घेतलं, पण पेढा आणला नाही की कोणाला सांगितलं नाही. मामा वारला हे तिला सांगितलं होतं. तिला ते किती कळलं, मला माहीत नाही.

तेरवीला आंब्याखाली पंगत बसली. सारा गाव आला होता. खाली मान घालून जेवत होता, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मुक्ता मागच्या दारातून ते बघत राहिली. मग आत गेली, बुंदीचं ताट उचललं आणि पंगतीत शिरली. पहिल्याच पत्रावळीपुढे वाकून हळूच म्हणाली, “मुक्ता पास झाली.”

तिला थांबवायला मी धावले, पण वहिनीने माझा हात धरला. रडून तिचा आवाज बसला होता. “राहू द्या, ताई,” ती म्हणाली. मग मुक्ताजवळ जाऊन तिने तिच्या पाठीवर हात ठेवला. “हो वं माय, तुह्याच पासाचं जेवन हाये. वाढ.”

जेवण होत आलेलं, पोटं भरलेली. एका म्हाताऱ्याने ‘नको’ म्हणून पत्रावळीवर आडवा धरलेला हात काढून घेतला. मुक्ता पुढे सरकत होती, प्रत्येकाला तेच सांगत होती, आणि माणसं डोळे पुसत मान हलवत होती. मी दारात उभी राहून रडले, आणि खरं सांगते, त्या रडण्यात आनंदही होता. पंगतीच्या शेवटापर्यंत मुक्ताला कोणी ‘बस झालं’ म्हटलं नाही.