वेलीवरचा तांबेरा, दगडावरचं मॉस

बसवनगुडीत माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, परसात मल्लिगेची, म्हणजे कन्नडातल्या मोगऱ्याची, वेल आहे. शुक्रवारी देवीला घरचीच फुलं, हा अक्काचा लग्नापासूनचा नेम. यंदा वेलीचे कोवळे शेंडे सुजले, वाकडे झाले आणि त्यांवर नारिंगी पूड धरली. तांबेरा. अक्काने फवारणीसाठी मोरचूद आणि चुना कालवायला घेतला.

भावोजींनी बादली अडवली. ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वेलीखालच्या दगडावर त्यांना तळहाताएवढं मॉस सापडलं होतं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं होतं. ही जात शहरात सहसा दिसत नाही, असं तिचं मत.

"माझी वेल मरतेय आणि तुम्ही दगडावरची बुरशी जपताय?"

"बुरशी तुझ्या वेलीत आहे. ती पानाच्या आत बसलीय, तुझं औषध वरवर लागणार. मॉसला मुळं नसतात, ते सगळ्या अंगाने पाणी पितं. आधी तेच मरेल."

"मग प्लास्टिकने झाका."

"झाकलं तरी पुढच्या पावसात पानांवरचं सगळं खालीच उतरणार."

"निवृत्त झालात, पण तास काही संपला नाही तुमचा!"

निवाडा माझ्याकडे आला. मी भिंग घेऊन दोन्ही पाहिलं. दोन्हींना ओल लागते, दोन्ही बीजाणूंनी पसरतात. मॉस दगडाकडून फक्त जागा घेतं, अन्न स्वतः तयार करतं. तांबेरा जिवंत पानावरच जगतो. पान गेलं की त्याचंही संपलं. मी एवढंच सांगितलं. भावोजींना ते पुरेसं वाटलं नाही.

अक्काने विचारलं, "म्हणजे रोगट पान-फांदी सगळी काढली तर?"

"तर तो उपाशी मरेल," भावोजी म्हणाले. "पण या हंगामात फुलं विसर."

मग कात्री अक्कानेच चालवली. वेल गुडघ्याएवढी उरली. छाटलेलं सगळं तिने पुढच्या अंगणात नेऊन जाळलं. वेलीची सावली गेली म्हणून भावोजींनी दगडावर गोणपाटाचा आडोसा बांधला.

"आता पंखाही लावा," अक्का म्हणाली.

त्या शुक्रवारी तिने पहिल्यांदाच फूलवालीला दारात थांबवलं. फूलवाली कोपरापासून बोटांपर्यंत माळ मोजू लागली, तसा अक्काने स्वतःचा लांब हात पुढे केला.

"यावर मोज गं. देवीचं आहे, स्वल्प, थोडं सढळ सोड."