गोळी कोण देणार?

कॅनडातल्या एटोबिकोच्या आमच्या क्लिनिकच्या दाराशी एक टोपली आहे. हिवाळ्यात पेशंट एकेक हातमोजा विसरून जातात आणि आम्ही तो तिच्यात टाकतो. मार्चपर्यंत टोपली भरते, पण जोडी एकाचीही लागत नाही. आमच्याकडचे किस्सेही असेच साठलेत. क्लिनिक दारू सोडवण्याचं. मी नागपूरच्या व्यसनमुक्ती वॉर्डात तयार झालेली नर्स, डॉक्टर क्लेअर माँट्रियलची पण शिकलेली पॅरिसमध्ये, आणि आमचा फार्मसिस्ट फेमी लंडनहून आलेला. आजार एकच, पण प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या देशाचे नियम, आणि वर कॅनडाचे वेगळेच. नावं बदलून सांगते, माणसं तीच आहेत.

*

पहिलं भांडण 'एक ड्रिंक' म्हणजे किती, या मापाचं. फेमीच्या इंग्लंडमधलं एक माप छोटं, कॅनडाचं त्याहून मोठं, आणि माझे नागपूरचे पेशंट थेट क्वार्टरमध्ये हिशोब सांगायचे. अशात अरविंदकाका आले. पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन मुलीकडे, स्वातीकडे, राहायला आलेले इंजिनियर. क्लेअरने विचारलं, "दिवसाला किती ड्रिंक्स?"

"दोनच," काका म्हणाले.

क्लेअरचा चेहरा उजळला. मला मात्र हे 'दोनच' फार जुनं ओळखीचं. पँट्रीतून माझा स्टीलचा पेला आणला आणि म्हटलं, "काका, पाण्याने दाखवा नं."

काकांनी इंजिनियरच्या सफाईने तो काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही. फेमीने पेल्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "इंग्लंडमध्ये एवढ्याला अख्खा वीकेंड म्हणतात."

*

औषधाचंही तसंच. एका ट्रक चालवणाऱ्या सरदारजींच्या बाबतीत क्लेअर म्हणाली, पॅरिसमध्ये असते तर मी बॅक्लोफेन दिलं असतं. फेमी म्हणाला, ते स्नायूंचं औषध, दारूसाठी इथल्या नियमांत बसत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे देणारे डॉक्टर आहेत. बोलता बोलता आमचे आवाज चढले. सरदारजी शांतपणे उठले. "आप तीनों पहले तय कर लो जी, मैं तब तक चाय पी के आता हूँ."

चहावर मात्र कुठल्याच देशाचा आक्षेप नव्हता.

*

मी इथे नवी असतानाची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका बेघरांच्या शेल्टरमध्ये वॉल्टर नावाचे म्हातारे गृहस्थ राहायचे. तिथली नर्स त्यांना ठरलेल्या वेळी मोजून वाईन द्यायची. हाही उपचारच! मी हबकले. आयुष्यभर पेशंटच्या गादीखालच्या बाटल्या शोधून मोरीत ओतलेल्या, आणि इथे नर्सच ओतून देते?

त्याच आठवड्यात नागपूरच्या आमच्या जुन्या इनचार्ज सिस्टरना फोन लावला. त्या भडकल्या. "अगं, नर्स आहेस का बारवाली?"

मी म्हटलं, "सिस्टर, आधी ते हँड सॅनिटायझर प्यायचे. आता जेवतात, रोज दाढी करतात, लायब्ररीत जाऊन बसतात."

सिस्टरचा सख्खा भाऊ दारूनेच गेला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दाढी करतो म्हणतेस? मग देऊ दे बाई."

*

अरविंदकाकांची गाडी अडली ती गोळीवर. नागपूरला त्यांना वेगळी गोळी होती. तिच्यावर दारू घेतली की माणूस बेजार होतो. ती गोळी त्यांच्या पत्नी मीनाकाकू रोज सकाळी स्वतःच्या हाताने द्यायच्या आणि मग फर्मान सोडायच्या, "आ करा. जीभ वर करा." डॉक्टरांनीच तसं शिकवलं होतं.

इथे क्लेअरने दुसरी गोळी लिहिली, तलफ कमी करणारी. काकूंनी पर्समधून चष्मा काढला. "किती वाजता द्यायची?"

"तुम्ही नाही द्यायची. ते स्वतः घेतील. इथे तोंड तपासत नाहीत," क्लेअर म्हणाली.

काकूंचा चेहरा पडला. "मग मी काय करू?" त्यांनी मला मराठीत विचारलं. मी त्यांचा हात धरला.

मग क्लेअरने काकांना विचारलं, "तुमचं ध्येय काय?"

"त्यात काय विचारायचं? सोडणं!" काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे काकांना कुणी विचारलंच नव्हतं. "नातीला सकाळी स्कूल बसवर सोडायचंय," ते म्हणाले. स्वातीने साफ सांगितलं होतं, की प्यायलेल्या माणसाच्या हातात मी रियाला देणार नाही.

क्लेअरने तेच ध्येय लिहून घेतलं.

*

एकदा फेमीने काकूंना सांगितलं, की फिनलंडकडे काही डॉक्टर हीच गोळी रोज देत नाहीत. प्यायच्या तासभर आधी घ्यायला सांगतात.

"म्हणजे गोळी खाऊन वर प्यायची?" काकू म्हणाल्या. "तो तर चखणा झाला बाप्पा!"

*

पुढे काका सावरले आणि रियाला बसवर सोडायला लागले. गेल्या जानेवारीत काकूंना बहिणीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जावं लागलं. काकू नसल्या की काका घसरतात हा स्वातीचा अनुभव होता. पुन्हा पाय घसरला तर रियाला बसवर सोडणं हातचं जाणार, हे काकांनाही ठाऊक होतं. काकू जाताना मला म्हणाल्या, "आता बघणार कोण?"

एका सकाळी कामावर जाताना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूल बस उभी दिसली. लाल दिवे लुकलुकत होते, म्हणून इथल्या नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या. बसच्या दाराशी काका आणि रिया. रियाने दोन्ही हातांनी फोन उंच धरलेला, आणि त्यात काकू, नागपूरच्या संध्याकाळी. मी काच खाली केली.

काकांनी खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली आणि वर थर्मासातलं पाणी घेतलं.

"रिया, लेट्स गो, स्वीटी," ड्रायव्हरबाई म्हणाली.

"वन मिनिट. आजी हॅज टू सी."

भर रस्त्यात, त्या थंडीत, काकांनी आ केला. तोंडातून वाफ निघाली.

"जीभ वर करा," फोनमधून आवाज आला.

काकांनी जीभ वर केली. कुणी हॉर्न वाजवला नाही.

"हं," काकू म्हणाल्या. "आता जाऊ द्या बस."