आठ डोळ्यांचं फूल

आमचे दाजी हिलाल, माणूस भला, पण नजर कुठे ठेवावी याची अक्कल नाही. सचिन गावातल्या एका साड्या छापायच्या मिलमध्ये ते कापड तपासायला होते. दिवसभर धागे मोजायच्या भिंगातून साड्यांतल्या चुका शोधायच्या, आणि संध्याकाळी शेजारच्या भेस्तान गावी घरी आलं की तेच भिंग सायकलच्या ट्यूबच्या रबरानं कॅमेऱ्याच्या तोंडाला आवळून कोळ्यांचे फोटो काढायचे. मुंग्या, माश्या, नाकतोडेही काढायचे, पण जीव कोळ्यांत. मोरीजवळ पालथे पडून, श्वास कोंडून, अर्धा अर्धा तास! शेजारी मला विचारायचे, तुमच्या दाजींना फेफरं येतं का हो? काय सांगणार, कपाळ!

माझी थोरली बहीण शोभाबाई, म्हणजे त्यांची बायको. तिच्या हातात कायम झाडू. कोळ्याची तिला भारी किळस. एका दिवाळीच्या साफसफाईत, दाजी वीस दिवस ज्या कोळ्याच्या अंड्यांवर लक्ष ठेवून होते, तो तिनं अंड्यांसकट झाडला. वर म्हणाली, “तुमले दुसरा धंदा नही का?” दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. आपला एक तरी फोटो तिनं बघावा, बघून ‘बरा आहे’ एवढं म्हणावं, हा नाद लागल्यापासून बारा वर्षं त्या माणसाची एवढीच आस. ती फोटो दिसला की पालथा घालायची.

बाहेर मात्र कौतुक झालं. मिलच्या डिझाइनवाल्या गुजराती मास्तरानं कोळ्याच्या तोंडाचा एक फोटो पाहिला. आठही डोळे मोत्यांसारखे चमकत होते. “आ तो सरस फूल छे,” म्हणत फोटो घेऊनच गेला. सहा महिन्यांनी ते फूल साडीवर छापून दाजींच्याच टेबलावर तपासायला आलं. आणि दाजींनी अख्खा माल अडवला! का, तर दोन बारके डोळे उमटले नव्हते. सुपरवायझर ओरडला, फुलाला सहा ठिपके काय नि आठ काय! दाजी हटले नाहीत. माल परत छापावा लागला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी पोट धरधरून हसलो.

मग माझ्या लेकीचं, धनश्रीचं लग्न निघालं. आत्याला मानाची साडी द्यायची, म्हणून मी बाजारातून एक झकास साडी निवडली. शोभाबाई ती नेसून मांडवात आली नि चारचौघींत मिरवू लागली. “मगन, कितलं भारी फूल शे!” ज्यानं हे काढलं त्याची नजर सोन्याची, असं ती तीनदा म्हणाली.

दाजींनी खिशातलं भिंग काढून भर मांडवात बायकोच्या पदराला लावलं. बायका फिदीफिदी हसल्या. दाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मगनभाऊ, आठही आहेत.”

म्हणजे हे दाजींच्याच कोळ्याचं तोंड! हिला कळलं तर मानाची साडी आत्ताच्या आत्ता फेकून देईल, आणि भावाबहिणीचं बोलणं जन्माचं बंद! मी हात जोडले. “दाजी, पाया पडतो, गप्प बसा.” आणि लगेच मला स्वतःचीच लाज वाटली. बारा वर्षं ज्या शब्दासाठी हा माणूस तरसला, तो आत्ता कुठे तिच्या तोंडून निघाला होता, नि मी त्याला गप्प बसा म्हणत होतो.

दाजींनी भिंग खिशात ठेवलं. तिला फक्त म्हणाले, “जरा उभी राहा, फोटो काढतो.” ती पहिल्यांदाच राजी झाली, तीही पदर पसरून.

तो फोटो आता त्यांच्या घरात देवांच्या शेजारी आहे. शोभाबाई रोज सकाळी त्याची काच पुसते, पदरावरचं फूल निरखते, आणि मग झाडू घेऊन जाळी काढायला लागते.

परवा न राहवून मी म्हणालो, “दाजी, धनश्रीच्या लग्नाला वर्ष झालं. आता सांगून टाका की!”

दाजी बशीत चहा ओतत म्हणाले, “सांगितलं तर ती परत बघायची नाही.”