हवेतला बैल आणि जांब्यातली लिफ्ट

चहा आधी पिऊन घ्या, मग ऐका. मध्येच ठसका लागला तर मला बोलू नका! कारण मी जी माती खाल्लीय ना, तशी पौडच्या बाजारपेठेत आजवर कुणी खाल्ली नसेल. आणि खाल्ली ती सुद्धा चवीचवीनं!

माझं पौडला एसटी स्टँडजवळ सिमेंट-सळईचं दुकान. शिक्षण नववी, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय, 'एक भाव, सरळ व्यवहार'. शिवाय हिंजवडीजवळ जांबे गावात वडिलार्जित जागेवर तीन मजली इमारत बांधलीय. खोल्या सगळ्या भाड्यानं. हिंजवडीत कामाला जाणारी मंडळी राहतात. इमारत तशी पूर्ण आहे. म्हणजे… सत्यनारायण झालाय. आता जिन्याला कठडा नाही आणि लिफ्टच्या जागी नुसता खड्डा आहे, पुढं फळी ठोकलेली. पण पूजा झाली की इमारत झाली, आमच्याकडं असंच धरतात!

तिसऱ्या मजल्यावर मानसी राहते, सोलापूरची. आई तिकडं एकटी, दोन्ही गुडघे गेलेले. तिला इकडं आणायचंय, पण चढवायची कशी? म्हणून पोरगी भेटली की एकच विचारते, "काका, लिफ्ट कधी?"

"पुढच्या महिन्यात नक्की!"

दीड वर्ष हेच सांगतोय. एकदाही शब्द फिरवलेला नाही. सरळ व्यवहार!

तर झालं काय, पावसाळ्यात सिमेंटला उठाव नसतो. मी माश्या मारत बसलेलो. बावधनला दिलेली माझी लेक आली होती, तिनं बिलाच्या कॉम्प्युटरवर एक मराठी खेळ टाकून दिला. नाव 'घाटबाजार'. म्हणाली, "बाबा, ह्यात दुकान चालवायचं असतं. तुम्हाला जमेल."

जमेल? अहो, मी त्यात पार बुडालो! गिऱ्हाईक समोर उभं राहून "शेठ, खिळे द्या" म्हणून ओरडतंय आणि मी पडद्यावर गूळ विकतोय!

आमची मंगल डबा घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवं, खरं दुकान वाऱ्यावर सोडून खोट्या दुकानात काय बसलाय? सुदीवर हाय का?"

"थांब गं, नदीपल्याड बाजार भरलाय!"

आता ऐका. बाजाराला जायचं तर पूल ओलांडायचा. मी गाडीत गूळ भरला, बैल जुंपला, घातली गाडी पुलावर. अर्ध्यावर गेलो आणि पूल संपला! पुढं काहीच नाही. आणि बैल? बैल खाली पडेना! हवेत पाय मारत चालतोय, चालतोय, चालतोयच! माझा सगळा गूळ अधांतरी!

लेकीला फोन लावला. ती हसायलाच लागली. "बाबा, तो अर्ली अ‍ॅक्सेसचा खेळ आहे. अजून पूर्ण व्हायचाय. लोक आधी विकत घेऊन खेळतात, चुका कळवतात, आणि बनवणारे उरलेलं हळूहळू पूर्ण करतात."

"म्हणजे अर्धवट माल विकतात?"

"सांगून विकतात हो! पूल झालेला नाही, असं घेतानाच स्पष्ट लिहिलंय."

"ते कोण वाचतं!"

माझ्यातला सरळ व्यवहार खवळला. खेळाचं एक चर्चेचं पान असतं, तिथं 'सरळ माणूस' असं नाव घेतलं आणि ठोकलं एका दमात: 'अर्धवट वस्तू लोकांच्या गळ्यात मारून होईल हळूहळू म्हणणं हा व्यवहार नव्हे. तारीख सांगा. तारीख चुकली तर कारण सांगा. आणि पूल होईपर्यंत बनवणाऱ्यानं स्वतः आठ दिवस त्या बैलगाडीत बसावं!'

काय सांगू, लोकांनी डोक्यावर घेतलं! "सरळदादा, बरोबर बोललात!" "सरळदादा, सोडू नका!" मी आयुष्यात पहिल्यांदा पुढारी झालो. बनवणाऱ्याचंही उत्तर आलं, अगदी नम्र: 'चूक मान्य. पूल येत्या शुक्रवारी. नाही झाला तर का नाही, तेही शुक्रवारीच लिहीन.'

मी हसलो. शुक्रवार म्हणे! असले शुक्रवार मी स्वतः लोकांना किती दिलेत!

तेवढ्यात जांब्याहून निरोप आला, रविवारी सकाळी भाडेकरूंना गच्चीवर भेटायचंय. मी आपला इस्त्रीचा सदरा घालून गेलो. भिंत धरधरून जिना चढलो. वर दहाबारा जण उभे. मानसीच्या हातात कागद. ती वाचायला लागली, "'अर्धवट वस्तू लोकांच्या गळ्यात मारून होईल हळूहळू म्हणणं हा व्यवहार नव्हे…'"

मी कान टवकारले. वा! काय मुद्देसूद! काय भाषा!

"'तारीख सांगा. तारीख चुकली तर कारण सांगा…'"

"थांब थांब!" मला राहवेना. "हे कुणी लिहिलंय, माहितेय का तुला?"

"इंटरनेटवर एक सरळ माणूस आहेत, त्यांचं आहे. आम्ही फक्त पुलाच्या जागी लिफ्ट घातली आणि बैलगाडीच्या जागी तिसरा मजला."

छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. "अगं वेडे, तो सरळ माणूस म्हणजे मीच!"

खाली खड्ड्यात कबुतर फडफडलं.

मानसी हळूच म्हणाली, "काका… तो बैल माझा आहे."

"कुठला बैल?"

"हवेतला. घाटबाजार मी बनवते, नोकरी सांभाळून. तुम्ही झाडलंत त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग वाटलं, माणूस बोलतोय ते खरंय. इतकं खरंय की घरमालकांनाही वाचून दाखवावं."

मागून एक जण ओरडला, "अंकल, अब डेट बता दो!"

पळून जावं म्हटलं, तर पळता कुठं? जिन्याला कठडा नाही!

घरी येऊन मंगलला सांगितलं. वाटलं, बायको आपली बाजू घेईल. "तुमीच लिवलंय न्हवं? मग ऱ्हावा की तितं आठ दिस! मी न्हाई यायची, मला जीव प्यारा हाय!"

राहिलो. तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत. पहिल्या दिवशी गॅसची टाकी वर नेताना मला माझे सगळे पूर्वज दिसले. दुसऱ्या दिवशी कठडेवाल्याला फोन केला, तिसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याला. शुक्रवारी मानसीचा पूल झाला, बैल पलीकडं गेला, आणि मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

कठडा आठवड्यात लागला. लिफ्टला दोन महिने गेले. दर शुक्रवारी जिन्यापाशी फळ्यावर काय झालं ते मी लिहायचो. एका शुक्रवारी लिहावं लागलं, 'काही झालं नाही. चूक माझी.' तेवढं लिहायला तीनदा खडू उचलला हो! सिमेंटचा भाव चढवताना एकदाच पुरतो.

शेवटी मानसीची आई आली. मी स्वतः लिफ्टचं बटण दाबलं. वर पोचलो, दार उघडलं. माउली बाहेर पाऊल टाकायचं सोडून माझ्याकडंच टक लावून बघतेय.

"मानसी, अगं हे तर तुझ्या खेळातले शेठ!"

मानसीनं जीभ चावली आणि मोबाईल पुढं केला. पूल ओलांडला की पहिलंच दुकान. गल्ल्यावर एक ढेरपोट्या शेठ, चष्मा कपाळावर. त्याला गूळ मागा, मीठ मागा, काहीही मागा, तो हात जोडून एकच बोलतो, 'पुढच्या महिन्यात नक्की!'

मी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. म्हटलं, "बाकी सगळं ठीक आहे गं. पण पोट एवढं आहे का माझं? जरा कमी कर की."

"करते ना, काका," पोरगी हात जोडून म्हणाली. "पुढच्या महिन्यात नक्की!"