साळूबाईनं टाकलेलं बी

आमच्या उंब्रजात बी निवडावं तर साळूबाईनंच. जोंधळा असू दे, हरभरा असू दे, पोचट दाणा तिच्या बोटांना आपसूक कळायचा. मी तिची शेजारीण. बाईला आपल्या पारखीचा तोरा बी लय हुता.

लेक जयराज फौजेत. सून शिवांजलीला शेतकी कॉलेजात घातली ती साळूबाईनंच. शिक्षण संपलं की सून जयराजकडं क्वार्टरवर राहायला जाणार, असं ठरलं हुतं.

शिवांजली गोड मक्यावर अभ्यास करायची. तिनं राबून पिकवलेली कणसं वाळत ठेवली आणि माहेरी गेली. एकाच कणसावर काही दाणे टपोरे, काही सुरकुतलेले. साळूबाईला राहवतंय व्हय! पोरीचं काम हलकं करावं म्हणून तिनं समदी कणसं सोलली, टपोरे दाणे डब्यात भरले, सुरकुतलेले कोंबड्यांपुढं टाकले.

शिवांजलीनं येऊन डबा उघडला आणि मटकन खाली बसली.

"आत्या, मला टाकलेलेच हवे होते ओ!" रडत रडत तिनं सांगितलं. दाणा दुधात असतो तवा त्यात साखर असती. साध्या मक्यात पुढं तिचं पीठ हुतं, दाणा भरतो. गोड मक्यात साखरेचं पीठ नीट हुतच न्हाई, म्हणून वाळला की दाणा आक्रसतो; सुरकुतलेला तोच गोड.

साळूबाईचं तोंड एवढंसं झालं. आळीतल्या बाया टपलेल्याच! "सुनंचं शिक्षण खुपलं डोळ्यात," म्हणाल्या. मी एकीला चांगलीच झापली. पण साळूबाईला घास उतरंना.

त्यात आत्याचं नाव नको म्हणून शिवांजलीनं कॉलेजातल्या तिच्या सरांना सांगितलं की बी उंदरांनी खाल्लं. एवढी निष्काळजी मुलगी मला नको, म्हणून सर भडकले. हे कळल्यावर साळूबाई मला घेऊन एसटीनं थेट कॉलेजात.

"आवं सायब, उंदीर न्हाई, म्या केलं ते," ती म्हणाली. "पोरीला शिक्षा नगा देऊ."

सर निवळले. "टपोऱ्यांतही बऱ्याच दाण्यांच्या पोटात गोड गुण दडलेला असतो. तेच पेरा, सुरकुतलेले दाणे पुन्हा निघतील. वर्ष मात्र जाईल."

शिवांजली फाटकापाशी उभीच हुती. सर काय म्हणाले ते ऐकून हसली. "होईल की मग, आत्या."

साळूबाईनं तिचा हात धरला. "हसू नगं गं. वरीस जाईल म्हणाले, तवा मला बरं वाटलं. म्हटलं, आणीक वरीसभर तू माझ्यापाशी ऱ्हाशील. बाया बोलत्यात ते काय उगंच न्हाई."