लाल घोड्याचं पोस्टर

अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्या शेजारी इराणहून आलेले एक काका राहतात. त्यांच्या घरभर तिकडच्या जुन्या सिनेमांची पोस्टरं आहेत. एकेका पोस्टरवर बोट ठेवून ते गोष्ट रंगवतात आणि ऐन मोक्याला थांबतात. "शेवट पडद्यावर बघायचा."

एकदा मी लाल घोड्याच्या पोस्टरचं कौतुक केलं. "तुझंच आहे," काका म्हणाले. मी नागपूरचा, दिलं की घेतो. घरी आणून भिंतीवर लावलं. इराणमध्ये असं नुसतं म्हणायची रीत आहे, हे नंतर कळलं.

परवा ते माझ्याकडे चहाला आले. "सुंदर पोस्टर आहे," म्हणाले.

"तुमचंच आहे, काका."

त्यांनी ते शांतपणे भिंतीवरून उतरवलं. "म्हटलं की घ्यायचं, हे तुझ्याकडूनच शिकलो." मग दारात थांबून त्या सिनेमाचा शेवट सांगून टाकला.